जोडीची शर्यत

रविवार, ४ मे २०२५, रीडिंग

मंडळातल्या अलकानं शर्यतीतून अंग काढून घेतलं. कारण विचारलं तर म्हणे गुडघा. मी म्हटलं, गुडघा तर मागच्या वर्षीही होता. तेव्हा बाई खरं बोलल्या. "वीणा, गुडघ्याचं सोड. मागच्या वर्षी त्या डोंगरावर दिवसभर मला जे ऐकवलंस ना, ते परत ऐकायची माझी तयारी नाही." घ्या! तिच्या कासवगतीमुळे शेवटच्या चौकीवर आम्हाला अडवलं, खाली शर्यतीच्या शेवटाची कमान दिसत असताना बोटीत बसवून परत पाठवलं. ते मी तिला ऐकवायचं नाही तर कुणाला?

त्या बेटावर एकटीनं पळता येत नाही, हीच मेख आहे. भूमध्य समुद्रातला नुसता खडक, सगळा राखीव. गाडी नाही, हॉटेल नाही, डोंगरात फोन लागत नाही. म्हणून जोडीनं पळायचं आणि जोडीनंच कमानीखालून जायचं. जोडीदार मागे सोडला की बाद. दोन वर्षं मी हात हलवत परत आलेय. डिसेंबरात पन्नास पूर्ण होतील, त्याच्या आत मला ती कमान पार करायचीच आहे. ऑफिसात, मंडळात, सगळीकडे सांगून बसलेय.

मिलिंद पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "कस्तुरीला विचार की. ती पळते ना ब्रिस्टलला?" नवऱ्याच्या तोंडून वर्षातून एकदा कामाचं वाक्य निघतं, ते आज निघालं. कस्तुरी म्हणजे माझी धाकटी जाऊ, अपूर्वची बायको. कराडची. तीन वर्षांपूर्वी दोघं आले तेव्हा वर्षभर आमच्याकडेच होते, वरच्या छोट्या खोलीत. इथला स्वयंपाक, इथली बस, इथला जीपी डॉक्टर, सगळं मी शिकवलं तिला. फोन केला तर म्हणाली, "वहिनी, परीक्षा आहे हो जूनमध्ये, फार्मसीची." मी म्हटलं, परीक्षा काय, दर सहा महिन्यांनी येते. मग गप्प झाली. म्हणजे हो.

शनिवार, १७ मे

स्ट्रीटलीहून रिजवेच्या डोंगरवाटेवर पहिला सराव. काय सांगू! बाई कायम तीन पावलं मागे. मी जोरात गेले तरी तीन पावलं, मी दमून चालायला लागले तरी तीन पावलं. म्हटलं, "अगं, पुढे ये की जरा. मला ओढ." तर म्हणे, "नको वहिनी, तुम्ही व्हा पुढे. मी आहे मागे." धाप लागलेली नाही, घाम नाही. जोर लावतच नव्हती, दुसरं काय. माहेरी कुणी कधी घाई केलेली दिसत नाही.

चढावर मी थांबले तेव्हा पाण्याची बाटली उघडून माझ्यापुढे धरली. तेवढं वळण आहे हो तिला, नाही कशाला म्हणू.

रविवार, १५ जून

लेक शाल्मली ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटीतून घरी आलीय. वीस वर्षांची घोडी झाली तरी मराठी दिव्यच. जेवताना म्हणते, "मम्मा, काकू खूप फास्ट आहे. मी आणि काकू बुधवारी पळतो, तर मी त्याला पकडूच शकत नाही. तुझ्याबरोबर तो मुद्दाम मागे राहते." मी इतकी हसले की ठसका लागला. म्हटलं, आधी तो की ती ते ठरव, मग काकूचं कौतुक कर.

तर फणकाऱ्यानं म्हणाली, "आय ॲम सीरियस. मी काकूला विचारलं, व्हाय? तर म्हणाली, मोठ्या जावेच्या पुढे कसं जायचं." असेल, म्हणाली असेल. नाचता येईना अंगण वाकडं. मान देते म्हणे! मग माझ्या घरात वर्षभर राहून रोज चहात साखर जास्त घालत होती, तेव्हा कुठे गेला होता मान?

शनिवार, १२ जुलै, ब्रिस्टल

चेडरच्या घळीत सराव. उकाडा असा की जीव नकोसा झाला. वर एका फाट्यावर मी उजवीकडे घेतलं. खाजकुयलीसारख्या नेटल्समधून पोटऱ्या भाजून घेतल्या, कुणाच्या तरी शेतात शिरलो, तिथला म्हातारा कुत्रा घेऊन अंगावर आला, आणि फिरून पुन्हा त्याच फाट्यावर. मी चिडून म्हटलं, "तुला डोळे नाहीत का? पाटी डावीकडची होती. बोलायचं नाही?"

"बोलले होते वहिनी. एकदा."

"एकदा? दुसऱ्यांदा बोललं तर जीभ झिजते?"

मी डावीकडे वळले तशी मागून आली. गोगलगाय नि पोटात पाय. संध्याकाळी तिच्या घरी जेवायला थांबलो. अपूर्वचे दोन मित्र सहकुटुंब आले होते. एकीनं परीक्षेचं विचारलं, तर कस्तुरी पाण्याचा जग आणायला उठली. म्हणून मीच सांगून टाकलं, नापास झाली म्हणून, थोडक्यात गेली. त्यात लपवण्यासारखं काय? वर गमतीनं म्हटलं, "ना परीक्षा, ना पाळणा, मग पळायला तरी पहिली ये बाई." सगळे हसले. अपूर्व नाही हसला. त्याला लहानपणापासून विनोदाचं वावडंच आहे.

रविवार, ३१ ऑगस्ट

गौरी आल्या. मुखवटे मी आणले, कस्तुरी मागून हळदीकुंकवाची पावलं काढत आली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, माझ्या पावलांच्या मागे मागे. अलका आली होती. कस्तुरीला बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजली, मी पाहिलं. नंतर पुरणाच्या पोळ्या लाटताना विचारलं, काय म्हणत होती? कस्तुरी म्हणाली, "काही नाही. जाऊ नकोस म्हणाल्या." मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? तर म्हणाली, "मी म्हटलं, वहिनींचं एवढं मनात आहे. एकदा होऊन जाऊ दे त्यांच्या मनासारखं."

ऐकून मला क्षणभर कसंसंच झालं, खोटं कशाला लिहू. मग वाटलं, उपकार करतेय की काय माझ्यावर?

शुक्रवार, १२ सप्टेंबर, बेट

पोचलो. धक्क्यावर उतरताच बुटांचे तळवे ब्रशनं घासून घेतले. बाहेरचं बी बेटावर रुजू नये म्हणून. पिशव्या उपसल्या. कस्तुरीनं कराडहून आलेले राजगिऱ्याचे लाडू आणले होते, ते पहारेकऱ्यानं उजेडात धरून पाहिले, एक खाल्ला, आणि सगळे जप्त केले. एवढी हसली ती! तिला इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. समुद्र बघून म्हणाली, "वहिनी, इथं नुसतं बसून राहिलं तरी चालेल." म्हटलं, बसायला नाही आलो आपण.

संध्याकाळी आयोजकांनी माहिती सांगितली. यंदा कड्यावरची वाट बंद, तिथं ससाण्यांची घरटी आहेत म्हणून. खालून वळसा घालायचा. पाखरांचे लाड! दुसऱ्या चौकीनंतर पाणी मिळणार नाही, आपलं आपण न्यायचं. कस्तुरीनं सगळं टिपून घेतलं. मला कशाला टिपायला हवं, मला ते बेट पाठ आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात

काल जे झालं ते नीट लिहून ठेवते. उद्या जो तो आपापल्या मनानं गोष्ट रचेल.

सुरुवात उत्तम. उजाडताना निघालो, दुसऱ्या चौकीवर आम्ही चक्क वेळेच्या पुढे होतो. मला वाटलं, जमलं! मग ऊन चढलं. दगड तापले, काटेरी झुडपांतून नुसती वाफ यायला लागली. कड्याखाली खुणेच्या फिती डावीकडे वळल्या होत्या, खाली, लांबचा वळसा. समोर जुनी वाट सरळ दिसत होती. मी सरळ गेले. कस्तुरी म्हणाली, "वहिनी, खुणा खाली वळल्यात." मी म्हटलं, "मला रस्ता पाठ आहे." ती आली मागून. दुसऱ्यांदा काही बोलली नाही.

वाट पुढे ढासळलेली निघाली. खाली समुद्र. डोक्यावर ससाणे किंचाळत होते, अगदी अंगावर येऊन. परत फिरलो तर आलेली वाटच सापडेना. कमरेएवढं झुडूप, काट्यांनी हात सोलले. माझं पाणी संपलं. तिनंच आपली बाटली पुढे केली, "माझ्यातलं घ्या." मी मागितलं नव्हतं. घेतलं. थोड्या वेळानं परत घेतलं. तिनं प्यायलं की नाही, मी कशाला बघू? मोठी बाई आहे ती.

मग तिचे पाय वेडेवाकडे पडायला लागले. मी ओरडले, "नाटकं नकोत आता." तर मला म्हणाली, "आई, चुलीवरचं दूध बघ." हात लावला तर अंग तव्यासारखं आणि एकदम कोरडं. तेव्हा मात्र मी घाबरले. एका दगडाच्या वीतभर सावलीत तिला टेकवलं. म्हटलं, मी पुढे होते, माणसं पाठवते. ती काहीतरी पुटपुटत होती. वारा होता, मला ऐकू आलं नाही. बाटली माझ्याच हातात राहिली. घाईत लक्षात आलं नाही. हवी असती तर मागितली असती.

वाट लगेच सापडली. असंच असतं. शेवटच्या चौकीवर एक म्हातारे गृहस्थ टेबल मांडून बसले होते, कलिंगड कापून ठेवलेलं. खाली कमान दिसत होती, अगदी इथं. ते म्हणाले, "तुमची जोडीदार?" मी म्हटलं, "येतेय. सावकाश येतेय."

खोटं नव्हतं ते. मला खरंच वाटलं, जरा विसावा घेईल आणि येईल. मागे राहायची सवयच आहे तिला, तीन पावलं मागे असेल. मागे सोडून आले म्हणाले असते तर तिथल्या तिथे बाद. अजून वेळ होता चौकी बंद व्हायला. आली असती तर दोघी हात धरून खाली गेलो असतो, आणि आज हे काही लिहायची वेळच आली नसती. त्यांनी कलिंगडाची फोड दिली, ती खाल्ली. आणखी एक खाल्ली. दुसऱ्या जोड्या येऊन गेल्या. त्यांनी परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. मग त्यांनी टेबल आवरायला घेतलं, आणि मला रडू फुटलं, आणि मी सांगितलं. मीच सांगितलं, हे लक्षात ठेवायला हवं.

ते म्हातारे गृहस्थ त्या वयात चढावर धावले. मी त्यांच्या मागे निघाले तर पायात गोळे आले.

कस्तुरी शुद्धीवर नाही. मूत्रपिंडं काम करत नाहीत म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, मदत मागायला किती वेळ गेला? मी म्हटलं, पोचल्या पोचल्या सांगितलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

अपूर्व परवाच आलाय, रात्रंदिवस तिच्या उशाशी असतो. आज कँटीनमध्ये त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि लहान मुलासारखा रडला. "वहिनी, तुम्ही होतात म्हणून. तुम्ही धावत खाली गेलात म्हणून." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. काय सांगणार होते? त्या अवस्थेत माणसाला आधार लागतो. खरंखोटं करायची ती वेळ आहे का?

मिलिंदलाही तेच सांगितलं, जे अपूर्वला वाटतंय. त्यानं मला जवळ घेतलं. कितीतरी वर्षांनी घेतलं.

रविवार, ९ नोव्हेंबर, रीडिंग

ब्रिस्टलला जाऊन आलो. मूत्रपिंडं सावरली, देवाची कृपा. पण ताप डोक्यात गेला तो गेलाच. तोल सांभाळणारा मेंदूचा भाग आहे म्हणे, तो भाजून निघाला. खुर्ची धर, मग टेबल धर, मग भिंत, अशी चालते. हातातला चमचा तोंडाशी येईपर्यंत निम्मा सांडतो. आणि बोलणं, शब्द एकमेकांत अडकून लापशी झाल्यासारखं. मला अर्धं कळलंच नाही. थोडंफार सुधारेल, डॉक्टर म्हणतात, पूर्वीसारखं नाही. फार्मसीच्या परीक्षेचं नाव आता कुणी काढत नाही.

शाल्मली रोज संध्याकाळी तिच्याकडे जाते. स्पीच थेरपीवालीनं दिलेली वाक्यं दोघी मोठ्यानं म्हणतात. इतकी माया मला ताप आला तेव्हा नव्हती दाखवली पोरीनं.

अपूर्व म्हणाला, तिला त्या दिवसाचं काही आठवत नाही. बरंच आहे, म्हणजे तिच्या दृष्टीनं. मी डिंकाचे लाडू दिले, तिनं घेतले नाहीत. हात थरथरत होता म्हणून असेल. जेवढा वेळ होते तेवढा वेळ माझ्याकडे बघत होती. मला झोप लागत नाही हल्ली.

शनिवार, ६ डिसेंबर

मंडळाचे अध्यक्ष विष्णूभाऊ यांचा फोन. संक्रांतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार करायचाय. "वीणाताई, जावा-जावांमध्ये असं उदाहरण आजकाल कुठं बघायला मिळतं?" मी नको नको म्हटलं. तीनदा म्हटलं. मग म्हणाले, शाल-श्रीफळ कस्तुरीच्याच हस्ते देऊ. मी म्हटलं, तिला त्रास होईल. तर म्हणे, अपूर्वला विचारलंय, तो तर खूष आहे.

आता काय नाही म्हणणार? नाही म्हटलं तर लोक विचारतील, का नाही. परवा पन्नास पूर्ण होतील. एरवी कमानीचा फोटो लावणार होते हॉलमध्ये.

शनिवार, १७ जानेवारी २०२६, संध्याकाळ

कार्यक्रम झाला.

शाळेचा हॉल गच्च भरला होता. सगळ्या काळ्या साड्या, तिळगूळ, पोरांचा गोंधळ. विष्णूभाऊंनी भाषणात मला कुठल्या कुठे नेऊन ठेवलं. तळपत्या उन्हात, तुटलेल्या कड्यावरून, जावेच्या प्राणासाठी धावणारी मोठी जाऊ. बायका डोळे पुसत होत्या. अलका शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. मला वाटायला लागलं, असंच झालं असेल. मी धावले तर होतेच की.

मग कस्तुरीला मंचावर आणलं. एका बाजूनं अपूर्व, दुसऱ्या बाजूनं शाल्मली. तिनं माझ्या खांद्यावर शाल घातली, तिचा हात लटपटत होता, शाल दोनदा घसरली. नारळ अपूर्वनंच दिला. टाळ्या. झालं, असं मला वाटलं. तर तिनं माईककडे हात केला. विष्णूभाऊंना गहिवरून आलं. "बोला बोला, ताई, तुमच्या मनातलं बोला."

 ती माझ्याकडे बघून बोलली. लोकांकडे नाही, माझ्याकडे. शब्द लोळत होते, ओढून ओढून काढत होती एकेक. "वहिनी. मी म्हटलं होतं. पाणी. ठेवून जा."

मला कळलं. पहिल्यांदाच सगळं कळलं. त्या दिवशीही कळलं होतं.

लोकांना काही कळलं नाही. ती एवढं बोलली याचंच कौतुक, टाळ्यांचा कडकडाट झाला. ती टाळ्या थांबेपर्यंत थांबली, आणि परत म्हणाली, तेच, आणखी सावकाश. पुन्हा टाळ्या. पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "काय म्हणतेय गं बिचारी?" तेव्हा विष्णूभाऊंनी माईक तिच्या हातातून घेऊन माझ्या हातात दिला. "वीणाताई, तुम्हाला घरच्यांना कळत असेल. तुम्हीच सांगा सगळ्यांना."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मिलिंद पहिल्या रांगेत, फोनवर व्हिडिओ काढत होता. कस्तुरी माझ्यापासून हातभर अंतरावर. मी म्हटलं, "ती म्हणतेय, वहिनींनी आपलं पाणी मला दिलं, म्हणून मी आज आहे."

लोक उभे राहिले टाळ्या वाजवायला. कस्तुरीनं पुन्हा तोंड उघडलं, मग मिटलं. अपूर्वनं तिला हळूच खाली नेलं. जाताना ती एकदाही अडखळली नाही, किंवा अडखळली असेल, मी बघितलंच नाही.

कोट घालताना शाल्मली माझ्यासमोर येऊन उभी राहिली.  म्हणाली, "मम्मा, मला समजतं काकूचं बोलणं. मी रोज ऐकते." मी म्हटलं, घरी चल, मग बोलू. म्हणाली, "नाही. मी काकाबरोबर जाते." आणि गेली. काकूला धरून गाडीत बसवलं, स्वतः शेजारी बसली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. माझी पोर, माझ्या पोटची.

घरी येऊन मी सरळ वर आले. मिलिंदनं खाली टीव्ही लावला, चहा टाकला, मला हाक मारून विचारलं, आलं घालू का? एवढा खुशीत होता. आत्ता त्याचा फोन वाजला. "बोल रे अपूर्व," म्हणाला. मग थोडा वेळ नुसतं "हं, हं". मग तेही थांबलं. टीव्ही बंद झाला.  आता तो जिना चढून वर येतोय, आणि काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.